आहे तसंच बंद करायचं का?

हॅलोताईंचं खरं नाव विचारलं तर शेजारपाजारचे लोक एकमेकांच्या तोंडाकडे बघत. एकोणिसाव्या वर्षी त्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर म्हणून लागल्या आणि तेव्हापासून त्या सगळ्यांच्या हॅलोताईच झाल्या. कानाला हेडफोन, समोर भोकाभोकांचा उभा फळा, हातात पिना लावलेल्या दोऱ्या. एक पिन या भोकातून काढून त्या भोकात खुपसली की कुठल्या तरी घरातला मुलगा कुठल्या तरी घरातल्या आईशी बोलू लागे. त्या बोलण्यातलं काही ताईंच्या वाट्याला येत नसे. त्यांच्या वाट्याला येई ती त्याच्या आधीची चार शब्दांची मेहनत. फोन करणारा कधी घाईत असे, कधी रडवेला, कधी तापलेला. त्याला न दुखावता, थोडक्यात, एका दमात कळेल असं सांगायचं. "लाइन मिळत नाही" म्हटलं की माणूस आरडाओरडा करतो आणि "लाइन लावतेय, फोन ठेवू नका" म्हटलं की तोच माणूस गुपचूप थांबतो, हे त्यांना पहिल्या महिन्यातच उमगलं होतं.

पुढे यंत्रं आपापसात बोलू लागली. मधल्या माणसाची गरज उरली नाही. एक्सचेंज बंद झालं, फळा भंगारात गेला आणि ताईंची बदली सार्वजनिक वाचनालयात झाली.

वाचनालयाच्या दुसऱ्या मजल्यावर, मासिकांच्या कपाटांमागे, एक लांबट खोली होती. कुठल्याशा कचेरीनं काढून टाकलेले जुने संगणक तिथे ओळीनं मांडले होते. ग्रंथपालांनी दुरुस्तीवाल्याला बोलावून त्यांच्यावर एक मोफत ऑपरेटिंग सिस्टीम घालून घेतली होती. ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे संगणकाचं घरकाम सांभाळणारी कारभारीण, असं दुरुस्तीवाल्यानं ताईंना समजावलं. पडद्यावर खिडक्या उघडणं, कागदपत्रं जागच्या जागी ठेवणं, काही बिघडलं तर सांगणं, सगळं तिच्याकडे. ताईंचं काम सोपं होतं. संगणक सकाळी चालू करायचे, संध्याकाळी बंद करायचे आणि आलेल्यांना बसायला जागा दाखवायची.

आलेले फार वेळ बसत नसत. शिवणकाम करणारी एक बाई तिच्या संस्थेसाठी अर्ज लिहायला आली होती. पडद्यावर इंग्रजीत काहीतरी उमटलं. बाईनं ते दोनदा वाचायचा प्रयत्न केला, हात मांडीवर घेतले आणि उठली.

"माझं डोकं नाही बाई यात चालायचं," ती म्हणाली.

ताईंना राग आला, पण तिचा नाही. पडद्यावर लिहिलं होतं एवढंच की कागदाला नाव द्या. यात डोकं न चालण्यासारखं काय होतं? त्यांनी दुरुस्तीवाल्याला गाठलं.

"हे आपल्या भाषेत नाही का बोलणार?"

"बोलेल की. कोणी शिकवलं तर. ही खुली सिस्टीम आहे ताई, नुसती फुकट नाही. तिच्या पोटातली वाक्यं कोणालाही बदलता येतात."

"कोणालाही म्हणजे? मलाही?"

"कोणालाही म्हणजे कोणालाही."

त्यानं त्यांना ती वाक्यं उघडून दाखवली. वर इंग्रजी ओळ, खाली रिकामी जागा. पुन्हा वर ओळ, खाली जागा. अशी हजारो. भाषांतर करणाऱ्यांची जगभर पसरलेली मंडळं होती, प्रत्येक भाषेचं वेगळं. आपल्या भाषेचं मंडळ होतं, पण कोणीतरी सुरुवात करून अर्ध्यावर सोडलेलं. ताईंनी त्यात आपलं नाव घातलं. त्यांचं इंग्रजी बेताचं होतं, पण शब्दकोश खालच्या मजल्यावरच होता.

दुसरा भिडू त्यांना वाचनालयातच सापडला. भाषेचे निवृत्त शिक्षक रोज सकाळी वर्तमानपत्रं वाचायला येत, आणि त्यांतल्या शुद्धलेखनाच्या चुका पेन्सिलीनं दुरुस्त करून ठेवत. सगळे त्यांना मास्तर म्हणत. ताईंनी काम दाखवलं तसे मास्तर खुर्ची ओढून बसले ते बसलेच. आणि पहिल्याच दिवशी दोघांचं वाजलं.

"फाइलला संचिका म्हणायचं," मास्तर म्हणाले.

"कोण म्हणतं संचिका?"

"शब्द शुद्ध आहे."

"असेल. पण ती शिवणवाली बाई पुन्हा उठून जाईल. फाइल तिला कळते. कचेरीत तिची फाइल हरवलीय ना आधीच!"

मास्तर खो खो हसले आणि फाइल राहिली. पण सगळंच काही ताईंच्या मनासारखं झालं नाही. ताई कधीकधी इतकं घरगुती लिहीत की मास्तर डोक्याला हात लावत. जिथे दोघांचं जुळत नसे, ते वाक्य ताई घरी सासूबाईंकडे घेऊन जात. सासूबाईंचं शिक्षण चार इयत्तांचं, जीभ मात्र धारदार. त्या ओट्यापाशी मटार सोलत बसत आणि ताई एकेक वाक्य वाचून दाखवत.

"अवैध प्रवेश."

"म्हणजे? मी काय कुणाच्या घरात घुसले?"

"नाही हो आई. आकड्याच्या जागी अक्षर लिहिलं तर तसं म्हणतं."

"मग सांगावं ना, इथे आकडा लिहा म्हणून. पोलिसाला कशाला बोलावतं?"

"घातक त्रुटी आढळली."

सासूबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. "अगं बाई! कोण गेलं?"

यंत्रानं माणसाला अरे-तुरे करायचं की अहो-जाहो, यावर मंडळाच्या जुन्या पत्रव्यवहारात बराच खल झालेला होता. सासूबाईंनी तो प्रश्न एका वाक्यात निकालात काढला. "मला अगं-तुगं केलेलं चालणार नाही. माझ्या घरात राहायचं तर नीट बोलायचं." तेव्हापासून ती सिस्टीम सगळ्यांना 'करा', 'बघा', 'निवडा' असंच म्हणते.

खरी अडचण शब्दांची नव्हती, अक्षरांची होती. ताईंनी लिहिलेली वाक्यं पडद्यावर आली तेव्हा त्यांना आधी ओळखूच येईनात. 'किती' लिहिलं की वेलांटी अक्षराला सोडून ठिपक्यांच्या एका गोल कड्यावर एकटीच जाऊन बसे. 'दुसऱ्या'मधला र उडी मारून य च्या डोक्यावर चढे. जोडाक्षरं तर पाय मोडल्यासारखी दिसत. मास्तरांना ते बघवेना. "ही आपली भाषा नाही, हा तिचा अपघात आहे," म्हणून ते चष्मा काढून ठेवत.

अक्षरं पडद्यावर जुळवणारा भाग दूर परदेशातल्या एका माणसानं लिहिला होता. ताईंनी शब्दकोश उघडून त्याला पत्र लिहिलं. त्याला आपली लिपी वाचता येत नव्हती. पण त्यानं लगेच उत्तर पाठवलं: बरोबर काय दिसायला हवं तेवढं मला दाखवा. मग ताईंनी कोऱ्या कागदावर मोठ्या अक्षरांत 'दुसऱ्या' काढलं, बाण काढून कुठला तुकडा कुठे जातो ते दाखवलं आणि कागद स्कॅन करून पाठवला. त्यानं बदल करून पाठवला, तो चुकला. पुन्हा कागद, पुन्हा बदल. ताई त्याला 'पलीकडचा' म्हणत. वाचनालयात आल्या आल्या त्यांचा पहिला प्रश्न असे, "पलीकडच्याचं काही आलं का?" आणि मास्तरही वर्तमानपत्र बाजूला ठेवून वाट बघू लागले होते.

एका सकाळी संगणक उघडला आणि 'दुसऱ्या' जसं शाळेच्या फळ्यावर असतं तसं समोर उभं होतं. ताईंनी ग्रंथपालांना बोलावलं, खालच्या मजल्यावरच्या शिपाईबाईंना बोलावलं, पायऱ्या चढून धापा टाकत सगळे आले.

"काय झालं?"

"हे बघा."

"काय? 'दुसऱ्या'?"

"हो!"

मंडळी एकमेकांकडे बघू लागली. मास्तर मात्र पडद्याजवळ चेहरा नेऊन कितीतरी वेळ त्या अक्षरांकडे पाहत राहिले, आणि रुमाल काढून त्यांनी नाक शिंकरलं. पलीकडच्याला त्यांनी स्वतःच्या हातानं इंग्रजीत आभाराचं पत्र लिहिलं. ते इतकं लांब आणि अलंकारिक झालं की ताईंना ते अर्ध्यावर कापावं लागलं.

मग लोक खोलीत बसू लागले. शिवणवाली बाई परत आली आणि तिचा अर्ज लिहून झाला. त्यानंतर आले घड्याळवाले आजोबा. मोठ्या रस्त्याच्या कोपऱ्यावर त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. हात कापायला लागल्यामुळे त्यांना बारीक काम होईना. लेकीनं दुसऱ्या शहरात हाच धंदा सुरू केला होता, आणि जुन्या लंबकाच्या घड्याळांचं काम तिला नीट येत नव्हतं. ते सगळं तिच्यासाठी लिहून काढायचं आजोबांनी ठरवलं होतं. पेन धरलं की अक्षर वेडंवाकडं येई, म्हणून टायपिंग. एका बोटानं, कळ शोधत शोधत, दुसऱ्या हातानं पहिल्याचं मनगट धरून. आजोबा बोलायला रुक्ष होते. कोणी वाकून बघितलं की पडदा हातानं झाकत. पण रोज येत.

एके दिवशी ताई दात दाखवायला गेल्या होत्या आणि खोली शिपाईबाई सांभाळत होत्या. त्या दिवशी आजोबांनी सकाळपासून बसून सगळ्यात अवघड भाग लिहिला, ठोक्यांचा. घड्याळ वेळ बरोबर दाखवतं पण ठोके भलतेच देतं, तेव्हा काय करायचं. संध्याकाळी त्यांनी खिडकी बंद करायला घेतली. पडद्यावर प्रश्न आला:

आहे तसंच बंद करायचं का?

खाली दोन बटणं. हो आणि नाही. आजोबांनी 'हो' दाबलं आणि दिवसभराचं सगळं लिखाण गेलं.

दुसऱ्या दिवशी ताई आल्या तर आजोबांची खुर्ची रिकामी. शिपाईबाईंनी काय घडलं ते सांगितलं. "म्हातारबाबा उठले हो. टोपी उचलली आणि गेले."

ताईंना तो प्रश्न चांगला ओळखीचा होता, कारण तो त्यांनीच लिहिला होता. मूळ इंग्रजीचा अर्थ होता, साठवून न ठेवता बंद करायचं का. मास्तरांनी सुचवलं होतं, 'जतन न करता बंद करायचे?' ताईंना ते परीक्षेतल्या प्रश्नासारखं वाटलं. त्यांनी आपलं घरगुती वाक्य घातलं होतं. सासूबाईंनीही मान डोलावली होती. आता त्यांनी ते मोठ्यानं वाचलं. आहे तसंच. म्हणजे काही न करता, किंवा जसं लिहिलंय तसं, कुठेही धक्का न लावता. आजोबांनी दुसरा अर्थ घेतला होता. कोणीही घेतला असता.

मास्तर आले तेव्हा ताईंनी त्यांना सगळं सांगितलं. "तुमचंच बरोबर होतं," त्या म्हणाल्या.

मास्तरांनी टोमणा मारला नाही. ते म्हणाले, "माझ्या वाक्यानंही ते अडखळलेच असते. जतन म्हणजे काय, इथपासून. आधी त्यांच्याकडे जा."

ताई दुकानात गेल्या तेव्हा आजोबा काउंटरमागे नुसते बसले होते. भिंतीवरची घड्याळं आपापल्या चालीनं टिकटिकत होती.

"त्या यंत्राचं नाव काढू नका माझ्यापुढे," आजोबा म्हणाले. "त्यानं विचारलं, मी उत्तर दिलं. म्हटलं, हो बाबा, आहे तसंच राहू दे, काही बदलू नकोस. आणि त्यानं सगळं पुसून टाकलं. असला विश्वासघातकी गडी मी दुकानात ठेवला नसता."

"आजोबा, यंत्रानं नाही विचारलं. तो प्रश्न माझा होता."

"म्हणजे?"

"पडद्यावरची वाक्यं मी लिहिते. मी आणि मास्तर. ते वाक्य मी लिहिलं. चूक माझी आहे."

आजोबांनी चष्मा कपाळावर चढवला आणि पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट पाहिलं. "ती वाक्यं माणूस लिहितो?"

"मग कोण लिहिणार?"

"मला वाटलं, ते कारखान्यातूनच तसं येतं." त्यांनी चष्मा पुन्हा नाकावर घेतला. मग म्हणाले, "माणसानं लिहिलंय तर दुरुस्त होईल की."

"होईल. पण तुम्ही समोर बसायला हवं. मी वाक्य दाखवीन. तुम्हाला काय वाटतं आणि तुम्ही कुठलं बटण दाबाल, ते सांगायचं. मला खूश करायला काही सांगायचं नाही."

"ते मला तसंही जमत नाही," आजोबा म्हणाले.

पुढचे कितीतरी दिवस दुपारच्या वेळी, खोलीत गर्दी नसताना, ते तिघं एका संगणकापुढे बसत. ताई वाक्य दाखवत, मास्तर टिपून घेत, आणि आजोबा घड्याळाचं पोट उघडल्यासारखे प्रत्येक शब्दाकडे संशयानं बघत. बरंच काही निघालं. 'चित्र काढा' असं एक बटण होतं.

"दाबलं तर काय होईल?" ताईंनी विचारलं.

"कागद येईल समोर. चित्र काढायला."

"आजोबा, ते असलेलं चित्र काढून टाकतं."

"मग तसं म्हणा ना! काढा म्हटलं तर माणूस काढणारच."

'टाका'चीही तीच गत. नाव टाका म्हणजे लिहा आणि कचऱ्यात टाका म्हणजे फेका. एकाच पडद्यावर दोन्ही. नुसतं 'उघडा' लिहिलेलं एक बटण बघून आजोबा गंभीरपणे म्हणाले, "कोण?" मास्तरांना हसू आवरेना, आणि रुक्ष आजोबांच्या मिशीखालीही काहीतरी हललं.

ज्या प्रश्नानं घात केला होता, त्याला तर त्यांनी एक अख्खी दुपार दिली. हो आणि नाही ही बटणंच काढून टाकायची, असं शेवटी ठरलं. सिस्टीममध्ये बटणांवर दुसरे शब्द घालायची सोय नव्हती. ताईंनी पलीकडच्याला लिहिलं. त्यानं ते आपल्या ओळखीतल्या दुसऱ्या एका जाणत्या बाईकडे पाठवलं, आणि तिनं सोय करून दिली. आता तिथे असं येतं: 'तुम्ही लिहिलेलं अजून साठवलेलं नाही. बंद केलं तर ते पुसलं जाईल.' आणि खाली तीन बटणं: 'साठवून बंद करा', 'पुसून बंद करा', 'परत लिहायला जा'. मास्तरांनी जतन सोडलं, ताईंनी आपलं घरगुती वाक्य सोडलं, आणि साठवण्यावर तिघांचं एकमत झालं. बटणांवर हो-नाहीऐवजी काय होणार ते लिहायचं, ही कल्पना मग इतर भाषांच्या मंडळांनीही मागून घेतली.

आजोबांनी ठोक्यांचा भाग पुन्हा लिहिला. पहिल्यापेक्षा आखूड झाला. "पहिल्या वेळी उगाच पाल्हाळ लावलं होतं," एवढंच ते म्हणाले. लिहून झाल्यावर त्यांनी स्वतः 'साठवून बंद करा' दाबलं, आणि तरी खात्री करायला फाइल परत उघडून बघितली. ते सगळं छापून लेकीकडे गेलं. तिचा फोन आला तो थेट वाचनालयात. घड्याळ बरोबर ठोके देतंय, हे तिनं रिसीव्हर घड्याळाजवळ धरून ऐकवलं. आजोबांनी फोन कानाशी घट्ट धरला होता. ठोके मोजून झाल्यावर म्हणाले, "शेवटचा जरा लवकर पडतोय." पण त्या दिवशी त्यांनी सगळ्यांना चहा पाजला.

सिस्टीमची नवी आवृत्ती जगाला दिली गेली, तेव्हा तिच्यात एका कोपऱ्यात काम करणाऱ्यांची नावं होती. ताईंनी घरी ते पान दाखवलं. सासूबाईंनी डोळे बारीक करून आपलं नाव शोधलं, ते सापडलं आणि त्या लाजल्याच.

"अगं, मी कुठे काय केलं? मी तर नुसती नावं ठेवली."

"तेच तर काम होतं आई," ताई म्हणाल्या.

याला आता बरीच वर्षं झाली. सासूबाई नव्वदीला आल्या आहेत. ताई निवृत्त झाल्या, पण वाचनालयातली त्यांची खुर्ची कोणी हलवलेली नाही. मंडळात शिवणवाली बाई आली, दोन परिचारिका आल्या, एक छापखान्यातला मुद्रितशोधक आला. सिस्टीमची नवी आवृत्ती येते, नवी वाक्यं येतात, नवी भांडणं होतात. ही सिस्टीम कुठे कुठे पोहोचली, ते ताईंना नेमकं माहीत नाही. फुकट आणि खुली वस्तू. कोण घेतं, कोण सांगतं?

मागच्या महिन्यात त्या धाकट्या बहिणीला डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेल्या होत्या. बराच लांब, कधी न गेलेल्या ठिकाणी. खिडकीपलीकडचा कारकून संगणकावर नाव नोंदवत होता. ताईंनी सहज मान वळवली आणि पडद्यावर त्यांना त्यांची वाक्यं दिसली. 'रुग्णाचं पूर्ण नाव लिहा'ची खिडकी दवाखान्याची होती, पण तिच्याभोवतीचं सगळं, वरची ओळ, बाजूची यादी, कोपऱ्यातली सूचना, त्यांनी आणि मास्तरांनी भांडून भांडून ठरवलेलं. ताईंच्या बहिणीनं त्यांना कोपरानं ढोसलं. "सांग ना त्याला!"

तेवढ्यात कारकुनाचं काम अडलं. त्यानं कोपऱ्यातल्या सूचनेकडे बघून कपाळाला आठ्या घातल्या.

"'बिनतारी जोडणी तुटली'! कोण लिहितं हे, देव जाणे. सरळ वायफाय गेलं म्हणा की!"

बहिणीनं तोंडावर रुमाल धरला. ताई खिडकीत वाकल्या. "तेवढंच खटकतं, की अजून काही आहे?" त्यांनी विचारलं.

कारकुनाला बोलायला कोणीतरी हवंच होतं. त्यानं आणखी तीन शब्द सांगितले. त्यांतले दोन ताईंना पटले. तिसऱ्यावर त्यांनी त्याच्याशी वाद घातला, मागच्या रांगेतली माणसं कुरकुरेपर्यंत. घरी आल्यावर त्यांनी पायातल्या चपला काढल्या, संगणक चालू केला आणि 'बिनतारी' शोधायला सुरुवात केली.